चेहऱ्यावर बर्फ, पण फडक्यातून

एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की दुपारी लक्ष्मी रोडवरून घरी आलेला माणूस आधी फ्रीज उघडतो. पाणी पिऊन झालं की बर्फाचा खडा थेट गालावर. गडबड होते ती या 'थेट'मुळेच.

घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश तापमान असतं. तिथून नुकताच काढलेला खडा ओल्या त्वचेला चिकटतो आणि ओढला तर वरची साल घेऊन येतो. एका जागी दाबून धरला की आधी टोचतं, मग जळजळतं, मग बधिर होतं. बधिर झालं म्हणजे बर्फ 'लागू पडला' असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर त्याच्या आधीच थांबायला हवं होतं, कारण बधिर जागेला इजा झालेली कळतच नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा इजेचा काळपट डाग कित्येक महिने हटत नाही. ज्या पुळीसाठी बर्फ लावला ती चार दिवसांत गेली असती, डाग मात्र मुक्कामाला राहतो.

म्हणून खडा काढून दोन-तीन मिनिटं वाटीत ठेवा. वरून पाझरायला लागला की मलमलच्या किंवा जुन्या सुती कापडाच्या दुहेरी घडीत गुंडाळा. चेहरा धुऊन, टिपून घ्या. हनुवटीकडून कानाकडे, मग कपाळावर मधून बाहेर, असा फिरवत राहा. एका जागी दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. सगळा चेहरा मिळून दोन-तीन मिनिटं, दिवसातून एकदा. नंतर टिपून लगेच मॉइश्चरायझर. डोळ्यांखाली बर्फ नकोच. तिथे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दहा मिनिटं ठेवलेला स्टीलचा चमचा पुरतो.

ठणकणाऱ्या पुळीवर मात्र कापडातूनच एक मिनिट धरा, मग पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा एक मिनिट. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सूज, लाली आणि ठणका तेवढ्यापुरता उतरतो. पुळीच्या आतल्या जंतूंना आणि तेलाला त्याने काही होत नाही; ते काम औषधाचं. बर्फाने रोमछिद्रं 'बंद होतात' हेही खरं नाही. त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. टॅनही जात नाही.

ट्रे झाकणाचा घ्या, नाहीतर बर्फाला फ्रीझरमधल्या मटाराचा वास येतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं वापरा. गुलाबपाणी, काकडीचा रस घातला तर वास छान येतो, एवढंच. लिंबाचा रस मात्र अजिबात नको: तो लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात, आणि मागे काळे डाग राहतात.

गार पाण्याने ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, ज्यांचे गाल कायम लाल राहतात, किंवा रेटिनॉलच्या क्रीमने ज्यांच्या चेहऱ्याची सालं निघताहेत, त्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊ नये. केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं) किंवा लेझर झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तेवढंच. बर्फाच्या पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवायचं खूळ हल्ली रीलमधून आलंय. चेहरा गार पाण्यात गेला की हृदयाचे ठोके मंदावतात, तेव्हा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ते करू नये.

चामखिळीवर दवाखान्यात करतात ती क्रायोथेरपी हे निराळं प्रकरण आहे. त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात, तोही मोजून काही सेकंद, आणि तरीही कधीकधी पांढरट डाग राहतो. त्याची घरगुती नक्कल करायला जाऊ नका.

आणि चकल्या तळताना चेहऱ्यावर तेल उडालं, वाफ घेताना भाजलं, तर बर्फ लावू नका. नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा.