शुभेच्छापत्रातला अडलेला पूल

आज अख्खा दिवस आमच्या लोकप्रतिनिधी मॅडमच्या वर्षअखेरच्या शुभेच्छापत्रात गेला. त्यांच्या कार्यालयातला पत्रव्यवहार मी बघतो, त्यामुळे हे काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. पहिला मसुदा ठरलेला: विकासाची गंगा, आपले आशीर्वाद, वगैरे वगैरे. मॅडमनी लाल पेन काढलं आणि 'रस्ता करून दिला' ही ओळ सरळ खोडली.

"अरे, निधी सभागृहानं मंजूर केला, काम प्रशासनानं केलं. मी प्रश्न विचारला, पाठपुरावा केला. तेवढंच लिही."

वर समासात स्वतःच्या हातानं भर घातली: पूल अडलाय, भूसंपादन बाकी. शुभेच्छापत्रात अडलेला पूल! मला जरा विचित्रच वाटलं, पण ठेवला.

छपाईचा खर्च त्या स्वतः करतात. ब्रिटनमध्ये तर खासदारांना शुभेच्छापत्रांचा खर्च सरकारी तिजोरीतून मागताच येत नाही. मला हा नियम फार पटतो. लोकांच्याच पैशानं लोकांना शुभेच्छा कसल्या द्यायच्या?

फोटो केवढा टाकायचा यावर मात्र अजून घोळ चालू आहे. मी म्हणतो छोटा, डिझायनर ऐकायला तयार नाही. पत्र उद्या येईलच. तोवर माझ्याकडून शुभेच्छा घ्या. तक्रारींचे अर्ज सुट्टीनंतर आणले तरी चालतील.