झेडवर बघा

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस) सुरू होता, कूलरमधलं पाणी संपत आलं होतं आणि विभागाच्या झेड ड्राइव्हची, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांनी मिळून वापरायच्या डिस्कची, पट्टी लाल झाली होती. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ती पट्टी लाल करतं. हे मला ठाऊक आहे, आणि बहुधा म्हणूनच झेडचा कारभार माझ्या गळ्यात आहे. ‘मॅडम, तुम्हाला त्यातलं समजते,’ एवढ्या एका वाक्यावर विद्यापीठात माणसाला जन्मभराचं काम मिळू शकतं.

पट्टी लाल झाली की साफसफाईला बसायचं. आकारानुसार यादी लावली, तर सगळ्यांत वर फोटो. नॅकसाठी, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठी काढलेले, अक्षांश-रेखांशासह. एकाच वृक्षारोपणाचे, एकाच कडुलिंबाच्या रोपाचे, पाणी घालणारे हात तेवढे वेगवेगळे. रोप त्याच उन्हाळ्यात वाळलं. फोटो तीन फोल्डरांत हिरवेगार आहेत. पुसू का म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘राहू द्या ना मॅडम, लागते कधी कधी.’ भीती अगदीच खोटी नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरातून काही पुसलं, तर ते आपल्या रिसायकल बिनमध्ये येऊन थांबत नाही, थेट जातं.

नावांचा प्रकार आणखी मजेदार. विंडोज यादीत आधी चिन्हं लावतं, मग आकडे, मग इंग्रजी अक्षरं आणि सगळ्यांत शेवटी देवनागरी. हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि विभागात लढाई जुंपली. परीक्षेचं काम बघणाऱ्या सरांनी आपल्या फोल्डरच्या नावाआधी शून्य लावलं. ते बघून प्रयोगशाळावाल्यांनी उद्गारचिन्ह लावलं. ते शून्याच्याही वर बसतं. रोज झेड उघडला की पहिल्यांदा ते उद्गारचिन्हच अंगावर येतं. शुद्ध मराठीत नाव देणारे आमचे एक सर मात्र पार तळाशी आहेत. त्यांना त्याचं काही नाही. ‘बरं आहे,’ म्हणाले, ‘तिथवर कुणी येत नाही.’

त्यांच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या, कृतिदेव फॉन्टमधल्या; म्हणजे आत इंग्रजी अक्षरं, वर फक्त मराठी रूप. फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या, तर ‘विभाग’च्या जागी एफ, ओ, एच, के, के, एक्स अशी अक्षरं ओळीने उभी राहतात. शोधायला ‘विभाग’ टाइप करा, सापडणार नाही. ‘उन्हाळी २००४’च्या प्रश्नपत्रिका तिथे शाबूत आहेत आणि तरी नाहीत. मी त्यांना कधीच हात लावलेला नाही. का, ते सांगता येणार नाही. दुसऱ्याच्या फोल्डरचं नावही मी बदलत नाही, अगदी त्यात ‘परिक्षा’ असं लिहिलेलं असलं तरी. जीव कासावीस होतो, पण नाही.

आणि ती अंतर्गत गुणांची एक्सेल शीट. कुणी उघडून ठेवली की दुसऱ्याला ती नुसती वाचता येते, आणि कुणी उघडली आहे त्याचं नाव समोर येतं. आमच्याकडे सगळ्या संगणकांवर नाव एकच: ‘युजर’. म्हणजे फाइल ‘युजर’ने अडवली आहे आणि ‘युजर’ तुम्हीही आहात. मग पंचेचाळीस अंशांच्या उन्हात या खोलीतून त्या खोलीत विचारत हिंडायचं. शेवटी संगणक सापडतो कुलूपबंद खोलीत. खिडकीच्या काचेतून संगणकाचा पडदा चमकताना दिसतो, शीट उघडी, कर्सर कुणाच्या तरी टक्केवारीवर लुकलुकतोय, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो तर्री-पोहे खायला गेलेला.

माझे बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा डबा पोचवायला मी सायकलने जायची आणि उन्हं उतरेपर्यंत रेकॉर्ड रूममध्ये बसायची, कारण कचेरीत गार तेवढी तीच खोली. जाड भिंती, उंच घोडे (म्हणजे मांडण्या), त्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे. रेकॉर्डकीपर काका दुपारभर गाठी सोडायचे आणि बांधायचे. गाठ एका हाताने सोडायचे; दुसऱ्या हातात विडी असायची, न पेटवलेली. (त्या खोलीत पेटवायची बंदी होती, हातात धरायची नव्हती.) प्रकरण निकाली निघून त्यांच्याकडे आलं की वरच्या कोपऱ्यात एक अक्षर पडायचं. अ म्हणजे कायम. ब तीस वर्षं. क दहा किंवा पाच. ड एक वर्ष, मग यादी, यादीवर सही आणि नाश. मी त्यांना विचारलं होतं, चुकून ब मधलं ड मध्ये गेलं तर? काका विडीकडे बघत म्हणाले, ‘मंग ते डच होतं म्हणायचं, पोरी.’

झेडवर सगळंच अ आहे. वृक्षारोपण अ, निरोप समारंभाच्या जेवणाचा मेनू अ, ‘न्यू फोल्डर’मधला ‘न्यू फोल्डर’ अ. वाटतं ढगात, म्हणजे क्लाउडवर, टाकून मोकळं व्हावं. पण गूगलने २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा बंद करायचं जाहीर केलं आणि सगळ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट ठरवून दिले. ढगालाही आता कोपऱ्यात अक्षर घालावं लागणार.

मी विभागाच्या बैठकीत अ-ब-क-ड मांडलं. सगळ्यांना आवडलं. प्रत्येकाने दुसऱ्याच्या फोल्डरला ड सुचवला. मग मी म्हटलं, निदान जुन्या वर्षांचे फोल्डर फक्त वाचण्यापुरते ठेवू, कुणाला बदलता येणार नाहीत. त्यावर ज्येष्ठ सर खुर्चीत सरळ बसले. ‘म्हणजे मला फक्त वाचायची परवानगी? मी या विभागात तुम्ही एमएला होत्या तेव्हापासून आहो.’ नंतर चहा आला. सगळ्यांना सगळी परवानगी तशीच राहिली, आणि मोठी डिस्क घ्यायचं ठरलं.

त्यासाठी तीन कोटेशनं लागतात. ती आली आहेत. झेडवरच कुठेतरी ठेवली आहेत असं बाबू म्हणाले, आणि ते आता सोमवारपर्यंत रजेवर आहेत.