बोहेमिया नव्हे हो, मोराविया!

बोहेमिया आणि मोराविया यांत फरक काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याला आलो की कुणी ना कुणी म्हणतंच, "तू बोहेमियात असतोस ना?" नाही. मी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला असतो, आणि ब्रनो मोरावियात आहे; बोहेमिया म्हणजे त्याच देशाचा प्रागकडचा भाग.

सुरुवातीला मलाही हा फरक किरकोळ वाटायचा. एकदा शेजारच्या आजोबांसमोर मी अख्ख्या देशाला 'चेखी' म्हणालो. त्यांनी स्लिवोवित्सेचा, म्हणजे आलुबुखारच्या दारूचा, पेला खाली ठेवला. "चेखी तिकडे, प्रागकडे. ही मोरावा." चेक भाषेत 'चेखी' म्हणजे फक्त बोहेमिया, सगळ्या देशाला 'चेस्को'. पण माणसांचं आणि भाषेचं 'चेक' हे नावही त्याच 'चेखी'शी जोडलेलं. मग मोरावियाच्या माणसानं स्वतःला म्हणवून घ्यायचं काय? १९९१च्या जनगणनेत १३ लाखांहून जास्त लोकांनी सरळ 'मोरावियन' असं लिहून दिलं होतं.

आजोबांनी मग मला कोर्टाच्या दारावरची पाटी दाखवली. राजचिन्हात चार घरं. दोन घरांत बोहेमियाचा दोन शेपट्यांचा सिंह, एकात मोरावियाचा लाल-पांढऱ्या चौकटींचा गरुड, एकात सायलेसिया या तिसऱ्या प्रांताचा काळा गरुड. "बघ, सिंह दोनदा!" प्रांत तीन आणि घरं चार, कुणीतरी दोनदा येणारच, असं मी म्हणून पाहिलं. त्यांना पटलं नाही.

सायलेसियाचं दुखणं निराळं. प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानं तो ऑस्ट्रियाच्या राज्यकर्त्या मारिया टेरेसाकडून हिसकावला. १७४२च्या तहानंतर तिच्याकडे दक्षिणेकडचा छोटा तुकडा तेवढा राहिला. सरकारदरबारी आता तिन्ही प्रांत नाहीत. १९४८च्या अखेरीपर्यंत ते मोडीत निघाले. आज प्राग धरून १४ विभाग आहेत, आणि त्यांच्या सीमा जुन्या रेषा खुशाल ओलांडतात.

पुण्यात हे सगळं सांगताना समोरच्याचे डोळे मिटायला लागले की मी बाटा काढतो. जूनमध्ये शाळेचे काळे बूट ज्या बाटाच्या दुकानातून यायचे, तो बाटा मूळचा झ्लीनचा. झ्लीन मोरावियात. लगेच सगळे सावरून बसतात.

मागे ओस्ट्रावाला गेलो होतो. तिथे नदीच्या एका काठाला मोरावियन ओस्ट्रावा, दुसऱ्या काठाला सायलेसियन. मधला पूल मी चालत ओलांडला आणि परत आल्यावर आजोबांना कौतुकानं सांगितलं, सायलेसियात जाऊन आलो म्हणून.

"आणि परतही आलास," म्हणाले, आणि माझा पेला भरला.