रिलीजचा कागद, नोंद तिसरी: ‘टॅग करून पुश करा’

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, ०.७.० ही आवृत्ती मी काढणार नाही. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं आमचं हे छोटं पायथन पॅकेज. आजवरच्या सगळ्या आवृत्त्या मीच काढल्या आणि रिलीजचा कागदही (नवी आवृत्ती काढायच्या पायऱ्यांची यादी) मीच लिहिला. त्यामुळे तो कागद खरंच पुरेसा आहे, की त्यात नसलेलं मी आठवणीतून भरून काढतो, हे कळायला मार्गच नव्हता.

रविवारी सकाळी उद्यमनगरातला मित्र राजारामपुरीत माझ्या खोलीवर आला. तो मशीन शॉपमध्ये सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर) असतो. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) रोज वापरतो, पण रिलीज कधी काढलेलं नाही. ठरलं असं, की त्यानं कागद वाचून करायचं आणि मी वही घेऊन शेजारी गप्प बसायचं.

बदलनोंद आणि चाचण्या झटपट झाल्या. मग आली चौथी ओळ: ‘टॅग करून पुश करा.’ म्हणजे कोडच्या त्या टप्प्याला आवृत्तीच्या नावाची खूण लावायची आणि ती गिटहब या साइटवर पाठवायची. पावणेदोन तास आम्ही तिथंच होतो.

त्यानं ‘गिट टॅग’ दिलं, पुढं नाव दिलं आणि पुश केलं. गिटहबवर बिल्ड (पॅकेज आपोआप बांधण्याचं काम) सुरू झालं नाही, कारण साध्या पुशबरोबर टॅग जातच नाहीत. मग शोधून त्यानं ‘फॉलो-टॅग्ज’ लावलं. तरी काही नाही. हा पर्याय फक्त शेरा असलेले टॅग पाठवतो, आणि याचा टॅग साधा, म्हणजे नुसतं नाव असलेला होता. शेवटी ‘पुश टॅग्ज’ दिलं, तेव्हा त्याच्या मशीनवरचे सरावाचे चार टॅगही सोबत गेले. एका वेळी तिनापेक्षा जास्त टॅग गेले तर गिटहब त्यांच्यासाठी पुशची घटना, म्हणजे बिल्ड सुरू करणारी सूचना, तयार करत नाही, म्हणून बिल्ड पुन्हा शांत. तिन्ही वेळा कारण वेगळं आणि पडद्यावर चूक एकदाही नाही. हे सगळे तपशील मला माहीत होते, कागदाला नव्हते.

आणखी एक धोका वहीत लिहिला. आमची बांधणी-स्क्रिप्ट ‘गिट डिस्क्राइब’वरून (जवळचा टॅग सांगणारी आज्ञा) आवृत्तीक्रमांक काढते, आणि आपण वेगळं सांगितलं नाही तर डिस्क्राइब साधा टॅग धरत नाही. बिल्ड चाललं असतं, तर आधीच्याच टॅगवरून क्रमांक निघाला असता.

चहा घेताना मित्र म्हणाला, “आमच्याकडं प्रोसेस शीटवर प्रत्येक ऑपरेशनपुढं काय मापायचं, कशानं मापायचं आणि किती आलं पाहिजे, हे लिवलेलं असतंय. तुझ्या कागदावर नुसतं ऑपरेशनच हाय. जॉब झाला का न्हाई, मला कसं कळायचं?”

त्या दुपारी मी संपूर्ण कागद याच प्रश्नावर पुन्हा लिहिला. चौथ्या ओळीच्या आता दोन पायऱ्या आहेत. आधी शेऱ्यासह टॅग करायचा आणि ‘गिट कॅट-फाइल’ला त्याचा प्रकार विचारायचा. उत्तर ‘टॅग’ यायला हवं. ‘कमिट’ आलं तर टॅग साधा आहे, तो पुसून पुन्हा करायचा. मग फक्त त्याच टॅगचं नाव देऊन पुश. ‘एलएस-रिमोट’मध्ये (गिटहबवर काय पोचलं ते दाखवणारी आज्ञा) त्याच्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत, दुसरीच्या शेवटी ^{} ही खूण. एकच ओळ दिसली तर पुढं जायचं नाही.

पायपीआयवर (जिथून लोक पायथन पॅकेजं घेतात ते कोठार) चढवण्याची पायरी मी चौकटीत टाकली आहे. तिथं एकदा चढवलेलं फाइलनाव पुसलं तरी पुन्हा वापरता येत नाही, म्हणून चौकटीत ठळक लिहिलं: ‘इथून मागं फिरता येत नाही.’ आधी टेस्टपायपीआय या सरावाच्या कोठारावर रंगीत तालीम करायची. आवृत्ती बिघडलेलीच निघाली तर ती यँक करायची आणि पुढचा क्रमांक काढायचा. यँक केल्यावर पिप (पॅकेजं बसवणारं साधन) ती आपणहून उचलत नाही, पण ज्यांनी नेमका तोच क्रमांक लिहून ठेवलाय त्यांचं काम अडत नाही. हे कारण कागदात असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. रात्री अकरा वाजता घाबरलेल्या माणसाचा हात आधी पुसण्याकडंच जातो.

सुटलेली एक गोष्ट: आरसी आवृत्ती, म्हणजे अंतिम आवृत्तीआधी लोकांना तपासायला दिलेली. ०.७.०आरसी१ काढून आम्ही दहा दिवस वाट पाहिली, कुणाचीच तक्रार आली नाही, आणि आम्ही खूश होतो. पण स्थिर आवृत्ती उपलब्ध असताना पिप ‘प्री’ पर्याय किंवा नेमका क्रमांक दिल्याशिवाय आरसी बसवतच नाही. ती बहुधा कुणी वापरलीच नव्हती. आता आरसीच्या घोषणेत बसवण्याची पूर्ण आज्ञा आणि तपासायला तीन नमुना फाइली द्यायच्या, असं लिहिलंय.

मंगळवारी रात्री नव्या कागदावरून मित्रानं ०.७.० काढलं. पस्तीस मिनिटं लागली आणि त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. माझी वही त्या दिवशी कोरी राहिली, याचा मला फार आनंद झाला.

राहिलेलं काम म्हणजे पायपीआयवर मालक म्हणून अजून माझं एकट्याचंच नाव आहे. या आठवड्यात मित्राचंही घालतोय. ०.७.१ साठी मला असं कुणी हवंय, ज्यानं आमचा कोड अजून उघडलेलाही नाही.