फोडींना ऐसपैस जागा

सॅलड म्हटलं की अनेकांना कच्ची पानं, काकडी आणि खाणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा निर्धार एवढंच आठवतं. मी भाजलेल्या भाज्यांच्या बाजूची. पोटाला हलकं, तरी जेवल्यासारखं वाटायला लावणारं हे प्रकरण आहे.

यातली सगळी मेख पाण्यात आहे. गाजरात साधारण ८८ टक्के पाणी, टोमॅटोत तर ९४-९५. फोड वरून ओली असेपर्यंत तिचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि तो खमंग तांबूस रंग भराभर चढायला १४०च्या आसपास तरी जावं लागतं. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातला हा उद्योग लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडला. आपण फक्त फोडी फडक्याने टिपायच्या, तेलाचा हात लावायचा आणि २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवायच्या. हो, पण सुट्या सुट्या! दाटीवाटीने पसरल्या तर एकमेकींच्या वाफेतच शिजतात आणि गिळगिळीत होतात. त्यापेक्षा दुसरा ट्रे घासायला पडला तरी चालेल.

फ्लॉवरचा तुरा मी मधोमध चिरते. सपाट बाजू ट्रेला टेकते, तिथे नकाशासारखे तपकिरी डाग उमटतात. कांद्याचे पदर सुटून टोकं काळपट, कुरकुरीत होतात. आतला गर मात्र गोड आणि मऊ. ही टोकं भांड्यात पोचण्याआधीच निम्मी संपतात, त्याला माझा नाइलाज आहे.

सिमला मिरची साल काळी पडेपर्यंत भाजून झाकून ठेवली की वाफेने साल सुटते. ती नळाखाली सोलणारे लोक मला कळत नाहीत. भाजल्याची अर्धी चव मोरीत जाते.

ड्रेसिंगचं पुस्तकी प्रमाण तीन भाग तेल, एक भाग आंबट. इथे भाज्यांना तेल आधीच लागलेलं, वर भाजून गोडी उतरलेली. म्हणून मी लिंबाचा रस तेलाच्या बरोबरीने घेते, त्यात चमचाभर मोहरीची पेस्ट, म्हणजे दोन्ही नीट मिळून येतात. भाज्या गरम असतानाच हे घालावं, चांगलं मुरतं. पानं मात्र सगळं कोमट झाल्यावर, अगदी वाढताना. नाहीतर माना टाकतात. उद्यासाठी थोडं ठेवायचं असेल तर तेवढं पानं घालण्याआधीच बाजूला काढावं.