हंपवरचे मालवाहू पायलट
फायटर पायलटांचं कौतुक सगळेच करतात पण मला दुसऱ्या महायुद्धातल्या 'द हंप'वाल्यांचं, म्हणजे हिमालयाच्या पूर्व टोकावरून माल नेणाऱ्या अमेरिकन पायलटांचं, जास्त वाटतं. १९४२ला जपान्यांनी बर्मा रोड, म्हणजे ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता, तोडला, मग चीनला सगळा माल विमानानेच न्यायचा, म्हणजे आसामातल्या चबुआ, दिनजानहून हिमालयाचं पूर्व टोक ओलांडून थेट कुनमिंग. अमेरिकेतून आलेली कोवळी पोरं, मागे पेट्रोलचे ड्रम, तोंडावर ऑक्सिजन मास्क, खिडकीबाहेर नुसते ढग आणि पंखांवर बर्फ! जॅकेटवर शिवलेलं एक कापड असायचं, त्यावर चिनी झेंडा आणि चिनीत मजकूर, की हा आपला माणूस आहे, वाचवा. रोज ते अंगावर घालताना काय वाटत असेल हो? १९४५पर्यंत साधारण साडेसहा लाख टन माल पोचवला त्यांनी. पडलेल्या विमानांचे काही सांगाडे अजून त्या जंगलात आहेत.