तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्यांसाठी सेकंड हँड एम३४०आय का घेतली?

एवढ्या पैशात नवीकोरी फॉर्च्युनर आली असती, मग घरात वयस्कर सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी असताना सेकंड हँड बीएमडब्ल्यू, आणि तीही एम३४०आय, कशाला घेतलीत? हे मला लिफ्टमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारतात. बऱ्याच जणांच्या मनात तशीच एखादी गाडी घोळत असते, म्हणून ते खरंच विचारतात, म्हणून मीही नीट सांगते.

आधी गाडी. दिसायला बीएमडब्ल्यूची साधी थ्री सिरीज सेडान, ओळखणाऱ्यालाच फरक कळतो. आत ३ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत. मार्च २०२१ मध्ये ती भारतात आली तेव्हा ३८७ एचपी, ५०० एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), चारही चाकांना ताकद आणि शून्य ते शंभर ४.४ सेकंदात. चेन्नईत असेंबल होत होती म्हणून एक्स-शोरूम ६२.९० लाखात बसवता आली. त्यावर आपल्याकडचा रोड टॅक्स, पेट्रोल गाडी २० लाखांच्या वरची असेल तर १३ टक्के, म्हणजे नुसता टॅक्सच आठ लाखांच्या पुढे गेला. तो पहिल्या मालकाने भरलाय. गाडी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकत घेतली तर दुसऱ्याला तो परत भरावा लागत नाही, आणि पहिल्या तीन-चार वर्षांत अशा गाड्यांची किंमत जेवढी पडते तेवढी नंतर पडत नाही. त्यामुळे पैशाच्या बाजूने मला नव्या एसयूव्हीपेक्षा ही पटली.

पण इथेच लोक फसतात. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची उतरत नाही. चाळीस-पन्नास लाखात घेतली तरी ब्रेक डिस्क, हेडलाइट, सस्पेन्शन सगळं टॅक्स-विमा धरून पंचाहत्तर लाखाला पडणाऱ्या गाडीचंच येतं. चार टायर बदलायचे म्हटलं तरी आकडा लाखाच्या घरात जातो, आणि पुढचे मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असल्यामुळे मागचे झिजले की पुढे टाकून वर्ष काढू असंही चालत नाही. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, तुमचं बजेट पन्नास असेल तर गाडी चाळीस-बेचाळीसची बघा आणि उरलेले बँकेत राहू द्या, त्यांना हात लावू नका. सगळे पैसे गाडीत घातले आणि पहिल्याच पावसाळ्यात एक हेडलाइट गेला की मग ती गाडी घरच्यांची राहत नाही, घरात भांडणाचा विषय होते. मी असे दोन संसार जवळून बघितलेत.

आता एवढी ताकद फॅमिलीला कशाला. आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडला तिचा काही उपयोग नाही हे मी आधीच कबूल करते, सकाळी कासारवडवलीहून निघून कापूरबावडीपर्यंत पहिला आणि दुसरा गियर, अॅव्हरेज सहा-सातचं. अटल सेतूवर मर्यादा शंभर, एक्स्प्रेस वेला सपाटीवर शंभर आणि घाटात साठ, म्हणजे जो आकडा ब्रोशरमध्ये छापतात तो गाठून झाला की कायद्याने तुमचं काम संपलं. तरीही मला ती ताकद हवी होती. आमचं गाव साताऱ्याकडे. मुंब्रा बायपास, कळंबोली, एक्स्प्रेस वे, मग पुढे खंबाटकी, हा रस्ता आम्ही कायम करतो. मधल्या लेनमध्ये ट्रक, उजव्या लेनमध्येही ट्रक, आणि तुम्हाला जागा मिळते ती थोड्याच वेळापुरती. या इंजिनाचे पाचशे एनएम दोन हजार आरपीएमच्या आतच हाताशी येतात, त्यामुळे पाय किंचित दाबला की गाडी ओरडत नाही, गियरबॉक्स गोंधळत नाही, ट्रक मागे गेलेला असतो आणि मागे झोपलेली मुलगी जागी पण होत नाही. आमच्या आधीच्या गाडीत चढावर ओव्हरटेक करताना नवरा आणि मी दोघं श्वास धरून बसायचो. तो ताण गेला. आणि ब्रेक, त्याबद्दल कोणी विचारतच नाही, पण एवढ्या ताकदीसाठी लावलेले ब्रेक माझ्या मते या गाडीतली सगळ्यात मोठी कौटुंबिक सोय आहे. मला गाडी चालवायला मनापासून आवडते, हे कारण पण आहेच, ते लपवायची काही गरज वाटत नाही.

मागची सीट हा खरा मुद्दा. बघायला जाताना मी आईंना (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) बरोबर घेऊन गेले. सेल्समनने पुढचा दरवाजा उघडून धरला, आई मागे जाऊन बसल्या. सेडान खाली असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसताना त्रास नाही, उठताना आहे. त्यांनी तीनदा बसून उठून बघितलं, दरवाज्याच्या वरचं हँडल धरून एक पाय आधी बाहेर काढला की जमतं असं ठरवलं आणि मगच हो म्हणाल्या. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी घेतली नसती. मधे गिअरबॉक्सचा उंचवटा आहे त्यामुळे मागे तिसरं मोठं माणूस लांबच्या प्रवासाला बसवू नका, दोन माणसं आणि मधे लहान मूल एवढंच. राइड कडक आहे, पुलांच्या जोडांवर धक्के कळतात. डिकी ४८० लिटर, साताऱ्याहून येताना तांदळाची गोणी आणि चार बॅगा बसतात. मात्र बऱ्याच जर्मन गाड्यांत स्टेपनी डिकीतच वर ठेवलेली असते, म्हणून डिकी उघडल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नका.

ही घ्यायच्या आधी आम्ही नवी मुंबईत एका डीलरकडे एक बघितली होती. पांढरी, चकचकीत, कमी चाललेली, किंमत पण मोहात पाडणारी. आमच्याबरोबर आलेल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. तो मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट हळूहळू ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. पहिला दोन हात पट्टा काळाभोर स्वच्छ, आणि जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथे एक सरळ फिकट मातकट रेघ. नखाने खरवडली तर बारीक गाळ निघाला. मग त्याने डिकीतलं कार्पेट उचललं, खाली बोल्टांना गंज. पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून कितीही पुसा, सीटबेल्टच्या आत कोणी हात घालत नाही. या गाड्यांत सीटखाली, कार्पेटखाली वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतात, ते आज चालतात आणि सहा महिन्यांनी एकेक करून जायला लागतात. आम्ही चहा पण न घेता निघालो. आपल्या भागात दर पावसात गाड्या बुडतात, त्यातल्या बऱ्याच परत बाजारात येतात, म्हणून सीटबेल्ट ओढायला लाजू नका.

दुसरं बघायचं ते ट्यूनिंग. या इंजिनात सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवता येते आणि हौशी मालक ते करतात, विकायच्या आधी परत मूळ सॉफ्टवेअर टाकतात. स्कॅनर लावणारा जाणकार असेल तर खुणा सापडू शकतात. मग टायर. त्याच्या बाजूवर छापलेल्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, टायर कधी बनला ते सांगणारे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीला वेगवेगळ्या वर्षांचे चार टायर दिसले की का ते विचारायचं. इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं, तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जायचं. गियरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, गियरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते.

दिल्लीची स्वस्त गाडी आणू का, हे पण खूप जण विचारतात. स्वस्त दिसते, पण कायम इथे वापरायची तर एनओसी, एमएच नंबर आणि रोड टॅक्स परत, तो हिशोब मांडला की फरक फारसा उरत नाही. आणि तिचा इतिहास तुम्हाला ठाण्यात बसून कळत नाही. मी एमएचचीच बघितली, एकाच मालकाची, प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली, आणि दोन लाख जास्त मोजले. आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ (कर्ज फिटलं, बँकेचं नाव काढा असं सांगणारा) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० समोर सह्या करून घ्या, जुनी ई-चलानं विकणाऱ्यालाच भरायला लावा.

इन्शुरन्सचं थोडक्यात. थर्ड पार्टीचा हप्ता १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या प्रायव्हेट गाड्यांना सारखाच, २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी, जास्त जातात ते स्वतःच्या नुकसानीच्या कव्हरला. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घ्याच, कारण पाणी आत जाऊन इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत.

आणि एक, टोकन द्यायच्या आधी सोसायटीचं पार्किंग मोजा. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या लावायचं) असेल तर तिथे लावलेली वजनाची आणि लांबीची पाटी वाचा, ही गाडी ४.७ मीटरच्या वर लांब आणि पावणेदोन टनांच्या आसपास आहे. आमच्या विंगमधल्या एकांनी गाडी घेतली आणि मग खालची जागा मिळवायला कमिटीशी महिने घातले. पाटीचा फोटो काढून डीलरकडेच घेऊन जा, आणि घरातलं जे माणूस मागे बसणार आहे त्यालाही.